दहा बोटांवरची रांगोळी

कोल्हापुरात महाद्वार रोडवरून अंबाबाईच्या देवळाकडे चालत निघालं की कटलरीची दुकानं लागतात. टिकल्यांची पाकिटं, काळ्या पिना, रबरबँड, मेंदीचे कोन, खोटे गजरे आणि काउंटरवरच्या ट्रेमध्ये ओळीने उभ्या नेलपेंटच्या बाटल्या. गौरी-गणपतीच्या आधी, लग्नसराईत आणि दिवाळीच्या तोंडावर या ट्रेभोवती मुलींची झुंबड असते. "काकू, ह्यातलाच जरा गडद दावा की," म्हणत अंगठ्यावर एक, करंगळीवर दुसरा असे रंग लावून बघितले जातात. घरी जाताना पिशवीत बाटली एकच असते, पण पाच नखांवर पाच शेड फुकटात आलेल्या असतात.

नखांना नुसता रंग न लावता त्यावर नक्षी काढायची, याला आता सगळेच नेल आर्ट म्हणतात. पार्लरमध्ये त्यासाठी जेल, दिवे, चिकटवायची नखं असा मोठा सरंजाम असतो आणि बिलही त्याच मापाचं. पण कटलरीच्या दुकानातल्या साध्या नेलपेंटने घरबसल्याही ही नक्षी उत्तम जमते. त्यासाठी चित्रकलेचा हात लागतो, हा समज अर्धाच खरा आहे. फसलेलं नख नीट पाहिलं तर बहुतेक वेळा चित्र चुकलेलं नसतं. खालचा थर सुकायच्या आत वरचा लावलेला असतो. रंग सुकतो कसा, हे जिला कळलं तिला निम्मी नेल आर्ट आली. उरलेली निम्मी दारात ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या हातात आधीपासूनच असते.

मेंदी, तेरडा आणि मग बाटली

नखं रंगवायची हौस बाटलीबरोबर आलेली नाही. मेंदी लावताना बोटांची टोकं नखांसकट भरायची रीत जुनीच. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं. ते नखाच्या केराटिनला धरून बसतं, त्यामुळे तळहाताची मेंदी आठ-पंधरा दिवसांत उडाली तरी नखाची उडत नाही; ती नखाबरोबर पुढे सरकते. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं. गौरीला रंगवलेल्या नखाच्या मुळाशी दिवाळीपर्यंत पाच-सहा मिलिमीटरची कोरी पट्टी दिसते, ती याच हिशेबाने.

लॉसोन तेरड्यातही असतं. गौरी-गणपतीत अनेक घरांत तेरड्याच्या रोपांचीच गौर आणतात. त्याच तेरड्याची फुलं आणि पानं ठेचून, नखांवर बांधून ती लाल-केशरी करण्याची पद्धत कोरियात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आपल्याकडे तेरड्याचा रंग तीन दिवस, अशी म्हण असली तरी नखावर चढलेला तेरडा ती खोटी ठरवतो.

बाटलीतला रंग गेल्या शतकातला. अमेरिकेत क्युटेक्सने १९१७ च्या सुमारास रंगीत द्रव पॉलिश बाजारात आणलं. ते पारदर्शक असायचं, नखावर जेमतेम गुलाबी झाक यायची. १९३२ मध्ये सुरू झालेल्या रेव्हलॉनने त्यात विरघळणाऱ्या रंगाऐवजी रंगद्रव्याची बारीक पूड घातली आणि खालचं नख झाकून टाकणारा गडद, सपाट रंग मिळू लागला. आजची सगळी नक्षी याच एका बदलावर उभी आहे. पांढऱ्यावर लाल आणि लालवर सोनेरी उठून दिसतो, तो रंग अपारदर्शक असल्यामुळे. भारतात १९५२ साली टाटा समूहाने लॅक्मे सुरू केली. जिनिव्हात जन्मलेल्या सिमोन टाटा १९६१ मध्ये तिच्या संचालक मंडळावर आल्या आणि १९८२ मध्ये अध्यक्ष झाल्या. परदेशी बाटल्यांवर अवलंबून असलेली ही हौस तालुक्याच्या बाजारापर्यंत पोचली, त्यात या कंपनीचा वाटा मोठा.

बाटलीतलं सिनेमाचं रसायन

नेलपेंटच्या लेबलवर घटकांच्या यादीत नायट्रोसेल्युलोज हे नाव बहुधा सापडतंच. कापसाच्या किंवा लाकडाच्या लगद्यावर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून ते बनतं. कोल्हापूरकरांचा या पदार्थाशी जुना संबंध आहे, फक्त तो नखांमार्फत नाही. बाबूराव पेंटरांनी इथे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि इथेच घडवलेल्या कॅमेऱ्यावर 'सैरंध्री' चित्रित करून १९२० मध्ये पडद्यावर आणला. त्या काळातली सिनेमाची फिल्म नायट्रोसेल्युलोजचीच असायची. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या या कलाकाराचा सिनेमा ज्या पातळ पापुद्र्यावर छापला गेला, त्याच जातीचा पापुद्रा आज नखावर सुकतो.

त्या फिल्ममध्ये कापूर घातलेला असे, म्हणजे ती लवचीक राही. आजही काही नेलपेंटमध्ये कापूर त्याच कामासाठी असतो. शिवाय रंगद्रव्य, चकाकीसाठी अभ्रकाची पूड, चिकटपणासाठी राळ आणि सगळ्यांना पातळ ठेवायला इथाइल ॲसिटेट, ब्यूटाइल ॲसिटेट यांसारखी उडून जाणारी द्रावणं. बाटली उघडल्यावर जो उग्र वास येतो तो या द्रावणांचा. जुन्या सिनेमाच्या रिळांनी कित्येक स्टुडिओ आणि गोदामं पेटवली. नेलपेंटही तसंच ज्वालाग्राही आहे. गॅसच्या शेगडीजवळ, निरांजनाशेजारी किंवा पेटत्या उदबत्तीपाशी बाटली उघडू नये. दिवाळीत पणत्या लावायच्या आणि नखं रंगवायची वेळ नेमकी एकच येते, तेव्हा तर नाहीच.

आता सुकण्याविषयी. नेलपेंट सुकतं म्हणजे त्यातलं द्रावण उडून जातं आणि बाकीचं नखावर पापुद्रा होऊन बसतं. द्रावण वरच्या बाजूने आधी उडतं. थर जाड असेल तर दुधावर साय धरावी तसा वर पापुद्रा धरतो आणि खाली ओलं राहतं. बोट लावलं तर सुकलंय असं वाटतं. रात्री झोपताना मात्र पांघरुणाच्या विणीचा ठसा नखावर उमटतो. म्हणून एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर चांगले.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. सुकलेलं नेलपेंट पक्कं होत नाही, ते द्रावण भेटलं की पुन्हा विरघळतं. नव्या थरात द्रावण असतंच, त्यामुळे ब्रश दाबून फिरवला की खालची नक्षी ओघळते. तासभर खपून काढलेली फुलं शेवटच्या पारदर्शक थराने पुसली जातात, त्याचं कारण हेच. उपाय साधा आहे. नक्षीला दहा-पंधरा मिनिटं द्यावीत, पारदर्शक रंगाने ब्रश भरपूर भरावा आणि ब्रशचे केस नखाला टेकू न देता रंगाचा थेंब वरून पुढे ढकलावा, एकदाच. दुसऱ्यांदा हात फिरवायचा मोह टाळावा.

पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. द्रावण उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवा दमट असेल तर त्यावर बाष्प धरून चमक जाते, रंगावर पांढुरकी झाक येते. लाकडाला लॅकर मारणाऱ्या कारागिरांना हा प्रकार ठाऊक असतो. जुलैतल्या कोल्हापुरात नखांचंही तेच होऊ शकतं. हीच खोड उपयोगालाही आणता येते. पाणी उकळून, गॅस बंद करून, भांडं ओट्यावरून दूर टेबलावर ठेवून ओली नखं काही सेकंद वाफेवर धरली की चमकणारा रंग मॅट होतो.

बैठक मांडताना

पाच बाटल्या पुरतात: पांढरी, काळी, लाल, सोनेरी आणि पारदर्शक. लालात पांढरा मिसळला की गुलाबीच्या हव्या तितक्या छटा मिळतात. मिसळायला जेवणाच्या डब्याला गुंडाळायच्या फॉइलचा तुकडा घ्यावा. बाटली जोरात हलवू नये, बुडबुडे होतात. दोन्ही तळहातांत धरून ती घोळवावी. आतून टक-टक आवाज करणाऱ्या लहान गोळ्या तळाला बसलेला रंग वर आणण्यासाठीच घातलेल्या असतात.

हत्यारं घरातच सापडतात. काळ्या पिनेचं गोल टोक मोठ्या ठिपक्याला, टूथपिक बारीक ठिपक्याला आणि खोडरबरात खोचलेली टाचणी त्याहून बारीक कामाला. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या चित्रकला परीक्षांना बसलेल्या मुलींच्या कंपासपेटीत झिरो नंबरचा ब्रश असतोच, आणि त्या परीक्षांतला संकल्पचित्राचा पेपर म्हणजे ठरलेल्या आकारात नक्षी बसवायचाच सराव. त्या ब्रशने काढायचं असेल तर नेलपेंटपेक्षा ॲक्रिलिक रंग घ्यावा. तो पाण्यात कालवला जातो, त्यामुळे चुकलेली रेघ ओल्या इअरबडने पुसता येते आणि खालचं नेलपेंट जागचं हलत नाही.

नख कोरडं आणि तेलकटपणा नसलेलं हवं. पार्लरमध्ये आधी हात पाण्यात बुडवून ठेवतात म्हणून घरीही तसं करायचा मोह होतो. पण नख पाणी पितं आणि फुगतं. रंग लावल्यावर ते आकसलं की वरचा पापुद्रा टोकाकडून सुटायला लागतो. भांडी घासून उठल्या उठल्या नेलपेंट लावायला बसू नये, ते यासाठी. नखावरून रिमूव्हरचा बोळा एकदा फिरवावा, मग पारदर्शक रंगाचा एक थर, मग मुख्य रंगाचे दोन. ब्रशचे तीन फटकारे: एक मधोमध, दोन कडांना. शेवटी नखाच्या टोकाच्या जाडीवरूनही ब्रश फिरवावा. टवका तिथूनच उडतो.

उजव्या हाताची रड सगळ्यांचीच. डावा हात थरथरतो, म्हणून दोन्ही कोपरं टेबलावर टेकवावीत, ब्रश स्थिर धरावा आणि बोट फिरवावं. बहिणी-बहिणी असतील तर प्रश्नच मिटतो.

ठिपका, स्पंज आणि टेप

सुरुवात ठिपक्याने करावी. फॉइलवर रंगाचा एक थेंब घ्यायचा, पिनेचं टोक त्यात बुडवायचं आणि नखावर नुसतं टेकवून उचलायचं, दाबायचं नाही. एकदा रंग घेतल्यावर लागोपाठ चार-पाच ठिपके दिले की प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान येतो. ही उतरती माळ आपोआप मिळते, तिच्यातून मोराचा पिसारा होतो, नाहीतर ठुशीचे मणी. मधल्या ठिपक्याभोवती पाच ठिपके म्हणजे फूल. ओल्या ठिपक्यातून टूथपिक ओढली की पाकळीला टोक येतं. दोन ठिपके शेजारी देऊन दोघांतून खाली एकत्र ओढलं की बदाम. रांगोळीत आधी ठिपके मांडून मग रेघा जोडतात. इथेही क्रम तोच, फक्त जागा जेमतेम सेंटिमीटरभर.

रंग एकातून दुसऱ्यात विरत नेण्यासाठी स्पंज लागतो. मेकअपचा नसेल तर भांड्यांचा कोरा स्पंज कापून चालतो. त्यावर दोन-तीन रंगांचे पट्टे शेजारी-शेजारी लावायचे आणि नखावर हलके टिपायचं, तीन-चार वेळा. अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव या तंत्राला मोठा विषय देतो. नोव्हेंबरात आणि जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीला मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यात शिरतात. आधी चरणांवर, मग वरवर चढत मुखापर्यंत. तसा नखाच्या टोकाकडून मुळाकडे सोनेरी, केशरी आणि गडद मरून असा चढता रंग पाच बोटांवर थोडा थोडा वाढवत नेला तर एका हातावर सगळा किरणोत्सव उतरतो. कडेच्या कातडीला रंग लागणारच. आधी तिथे फेविकॉलची पातळ रेघ सुकवून ठेवली तर काम झाल्यावर ती सोलून काढता येते.

सरळ रेघांसाठी सेलोटेप. ती आधी मनगटाच्या मागे एक-दोनदा चिकटवून तिचा चिकटपणा कमी करावा, नाहीतर खालचा रंग घेऊनच निघते. कोल्हापुरी चपलेची वेणी या पद्धतीने फार छान येते. बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेल्या कातड्याचा तो तपकिरी रंग नखावर द्यावा, टेपच्या बारीक पट्ट्यांनी तिरक्या रेघांची जाळी आखावी, मधल्या चौकटीत जरा फिका तपकिरी भरावा आणि टेप रंग ओला असतानाच काढावी. सुकल्यावर काढली तर कड फाटते. अंगठ्यावर लाल गोंडा आणि सोनेरी ठिपका दिला की चप्पल ओळखू येते. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला, नखावरच्या चपलेला तसली अट नाही.

जाळीचं काम करायचं असेल तर कांदे-लसूण ज्या प्लास्टिकच्या जाळीत मिळतात ती धुऊन वाळवावी, नखावर ताणून धरावी आणि वरून स्पंज टिपावा. खवल्यांची नक्षी एका झटक्यात येते. जोतिबाच्या चैत्र यात्रेत डोंगर गुलालाने माखतो, तो विषय घेतला तर पिवळट पांढऱ्या नखावर जुन्या टूथब्रशने गुलाबी रंग शिंपडावा. ब्रशच्या केसांवरून बोट मागे ओढलं की बारीक तुषार उडतात. ओट्यावर आधी पेपर अंथरावा. हा गुलाल पुसल्याने जात नाही.

आणि साज. कोल्हापुरी साज या गळ्यातल्या दागिन्याची २१ पानं. त्यांतली दहा विष्णूच्या अवतारांची आणि आठ अष्टमंगलाची मानतात. गुजरी या सराफ पेठेतल्या सोनाराच्या काचेमागे तो पाहिला तर मासा, कासव, शंख, कमळ, चंद्र, बेलपान असे आकार ओळखता येतात. यातला प्रत्येक आकार तीन-चार ठिपक्यांत आणि एक-दोन ओढींत बसतो. बेलपान म्हणजे टोक ओढलेले तीन ठिपके. मासा म्हणजे एक लांबट ठिपका आणि शेपटीला फुली. काळ्या किंवा गडद हिरव्या नखावर सोनेरी रंगाने दर बोटाला एक पान काढलं आणि मुळाशी मण्यांची ओळ दिली, तर काठपदराच्या साडीवर दहा बोटांचा साज होतो. नाद खुळा!

वर्तमानपत्र आणि पाण्याची वाटी

दोन प्रकार असे आहेत की त्यांत हात चित्र काढतच नाही. पहिला वर्तमानपत्राचा. नखावर पांढरा किंवा फिका राखाडी रंग पूर्ण सुकू द्यावा. 'पुढारी' किंवा 'सकाळ'च्या बारीक अक्षरांचा नखाएवढा तुकडा कापावा, मेडिकलमध्ये मिळणाऱ्या स्पिरिटमध्ये नख क्षणभर ओलं करावं आणि तुकडा त्यावर न हलवता दाबून धरावा. पंधरा-वीस सेकंदांनी कागद अलगद उचलला की शाई नखावर उतरलेली असते. अक्षरं अर्थातच आरशातल्यासारखी उलटी येतात, डावीकडची उजवीकडे. पण शिरोरेघ वरच राहते, त्यामुळे दुरून पाहणाऱ्याला मराठी मजकूर सुलटाच आहे असं वाटतं आणि तो वाचायला माणूस वाकतो. लगेच पारदर्शक थर द्यावा, नाहीतर पहिल्याच हात धुण्यात बातमी जाते. शाई फिकी असेल तर उतरत नाही. ठळक छापलेली बारीक अक्षरं निवडावीत.

दुसरा प्रकार पाण्यावरच्या रंगाचा. जपानमध्ये सुमिनागाशी आणि तुर्कस्तानात एब्रू या नावाने पाण्यावर रंग तरंगवून कागदावर उचलायची कला शेकडो वर्षं चालत आली आहे. नखावर तीच उतरवतात. वाटीत किंवा कागदी कपात साधं, न गार न गरम पाणी घ्यायचं. गार पाण्यात थेंब पसरत नाही, गरम पाण्यात पसरायच्या आत वाळतो. बाटली नवी, पातळ हवी. पाण्यालगत एक थेंब सोडला की तो वर्तुळ होऊन पसरतो. त्याच्या मधोमध दुसऱ्या रंगाचा, मग पुन्हा पहिल्याचा. चार-पाच कडी झाली की टूथपिकने मधून बाहेर किंवा बाहेरून मधे रेघ ओढायची, कड्यांच्या पाकळ्या होतात. हे सगळं अर्ध्या मिनिटात उरकायला हवं, कारण वरचा पापुद्रा तेवढ्यात धरतो.

मग नख पाण्याला समांतर धरून खाली नेऊन बुडवायचं. बोट पाण्यातच ठेवून पृष्ठभागावर उरलेला रंग इअरबडने गोळा करायचा, आणि मगच बोट वर काढायचं. आधी काढलं तर उरलेला रंग नक्षीवर दुसरा थर होऊन चिकटतो. कातडीवर वॅसलीन आधीच लावलेलं असलं म्हणजे पुसणं सोपं जातं. दर नखाला नवी कडी, नवी नक्षी. रंग वाया जातो आणि दोन नखं कधीच सारखी येत नाहीत. लग्नाच्या आदल्या रात्री हा प्रयोग पहिल्यांदा करू नये.

भाकरी, हळद आणि धुणं

कोल्हापुरी घरात नखांची परीक्षा परातीत होते. भाकरी थापताना पीठ कडेला शिरतं, कणीक मळताना टोकं घासतात, भांड्यांच्या साबणाने नख पुन्हा पुन्हा फुगतं आणि आकसतं. रंग लावल्यापासून निदान दोन तास ओलं काम टाळावं. दर दोन-तीन दिवसांनी पारदर्शक रंगाचा एक पातळ थर, टोकाच्या जाडीसकट, दिला की नक्षी आठवडा काढते. टवका उडालाच तर सगळं पुसायची गरज नसते. त्या नखाच्या टोकावर सोनेरी किंवा चमकीचा पट्टा दिला की ती डिझाइनच वाटते.

हळदीचा डाग हा फिक्या रंगांचा शत्रू. पांढऱ्या किंवा बेबी पिंक नखांनी भाजी कालवली की कडा पिवळ्या होतात. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून साबणाने चोळून उपयोग नाही. ते उन्हात मात्र टिकत नाही. गच्चीवर वाळवण राखत बसलेल्या बाईची नखं संध्याकाळपर्यंत बरीच निवळलेली असतात, ती त्यामुळे.

लेबल आणि दवाखाना

स्वस्त बाटली वाईटच असते असं नाही, पण निनावी बाटली घेऊ नये. भारतात २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणे उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक आणि वापरायची मुदत लेबलवर असावी लागते. जत्रेत चटईवर मांडलेल्या बाटल्यांवर यातलं काही दिसलं नाही तर ती घेण्यात शहाणपण नाही. '५-फ्री' असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ टोल्युइन, फॉर्मल्डिहाइड, डायब्यूटाइल थॅलेट, फॉर्मल्डिहाइडची राळ आणि कापूर या पाच गोष्टी त्यात नाहीत.

नेलपेंटच्या राळेची ॲलर्जी काहींना येते, आणि ती बोटावर न दिसता पापण्यांवर किंवा मानेवर दिसते. हात दिवसभर चेहऱ्याला लागत असतो आणि पापणीची कातडी पातळ असते. डोळ्यांभोवती विनाकारण खाज सुटली तर त्वचारोगतज्ज्ञ नखांकडे बघतात, ते यासाठी. जेलचा प्रकार वेगळा: ते उडून सुकत नाही, अतिनील किंवा एलईडी दिव्याखाली कडक होतं, आणि अर्धवट कडक झालेलं जेल कातडीला लागलं तर ॲलर्जी होण्याचा धोका वाढतो. जेलमध्ये वापरल्या जाणाऱ्या टीपीओ या घटकावर युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून बंदी घातली. घरी दिवा मागवून जेल करण्यापेक्षा साधी बाटली बरी, असं म्हणायला हे पुरेसं कारण आहे.

नखाला श्वास घेता येत नाही म्हणून मधेमधे रंग काढावा, असं आजी सांगतात. नख हा मेलेल्या पेशींचा थर, तो श्वास घेत नाही. त्याची वाढ कातडीखालच्या मुळातून, रक्तावर होते. तरीही आजींचा सल्ला फुकट जात नाही, कारण आठवडेच्या आठवडे रंग राहिला तर नख कोरडं पडतं, त्यावर पांढरे खरखरीत ठिपके येतात आणि गडद लालाचा पिवळा डाग बसतो. शिवाय नखाचा बदललेला रंग किंवा बुरशी रंगाखाली दिसत नाही.

ऑपरेशनच्या आधी नेलपेंट काढायला सांगतात. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर नखातून प्रकाश आरपार पाठवून रक्तातला प्राणवायू मोजतो आणि काळा, निळा, हिरवा असे गडद रंग त्या प्रकाशात आड येऊ शकतात. नर्सिंगला जाणाऱ्या मुलींनी तर नखं लहानच ठेवायची. रुग्णांची थेट काळजी घेणाऱ्यांनी कृत्रिम नखं लावू नयेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची सूचना आहे.

पुसताना

काढायची घाई ही लावायच्या घाईपेक्षा वाईट. सोमवारी शाळेत बाई नखं बघणार म्हणून रविवारी रात्री ब्लेडने खरवडलेल्या रंगाबरोबर नखाचे पापुद्रेही निघतात. रिमूव्हरचा बोळा नखावर दहा सेकंद नुसता दाबून धरावा आणि मग टोकाकडे एकदाच ओढावा. चमकीचं नेलपेंट असं निघत नाही. त्यावर ओला बोळा ठेवून फॉइलची टोपी घालावी आणि पाच-दहा मिनिटं थांबावं. ॲसिटोन नखातला ओलावा आणि तेल काढून घेतो, म्हणून नंतर हात धुऊन खोबरेल चोळावं.

बाटलीचं तोंड बंद करण्यापूर्वी रिमूव्हरच्या बोळ्याने पुसून घ्यावं. आट्यांवर सुकलेल्या रंगामुळे झाकण नीट बसत नाही आणि द्रावण उडत राहतं. घट्ट झालेल्या बाटलीत रिमूव्हर ओतायची सवय सर्रास दिसते. त्याने रंग तेवढ्यापुरता पातळ होतो, पण पापुद्रा धरायची त्याची ताकद जाते आणि दुसऱ्याच दिवशी टवके उडतात. नेलपेंटचं थिनर वेगळं मिळतं, त्यात बाटलीतलीच द्रावणं असतात. दोन-तीन थेंब टाकून बाटली घोळवली की ती पुन्हा वापरात येते. पाण्यावरच्या नक्षीला मात्र अशी सावरलेली बाटली घेऊ नये, तिथे नवीच लागते. जुनी ठिपक्यांना ठेवावी: जरा घट्ट रंगाचा ठिपका पसरत नाही, उंच आणि गोल राहतो.